दोष थंडीचा की बंद खिडक्यांचा?

कार्तिक महिन्यातील शेवटच्या सोमवारी बंगळूरच्या बसवनगुडी भागात शेंगांची मोठी जत्रा भरते. कानडीत ‘बसव’ म्हणजे नंदी आणि ‘गुडी’ म्हणजे देऊळ. या नंदीच्या देवळासमोरील रस्त्यावर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. जत्रेच्या सुमारास थंडी येते आणि थंडीपाठोपाठ खोकला. मग कानटोप्या बाहेर निघतात आणि खिडक्या लावून घेतल्या जातात. थंडी बाधते, ही समजूत महाराष्ट्राप्रमाणे येथेही पक्की आहे.

ती अगदीच निराधार नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. थंड, कोरड्या हवेत नाकातील ओलसर अस्तर सुकते आणि जंतूंना अडवण्याची त्याची शक्ती घटते. फ्लूचे विषाणूही अशा हवेत अधिक काळ तग धरतात. मात्र थंडी विषाणू निर्माण करीत नाही. तो माणसाकडून माणसाकडे जातो. आजारी माणूस खोकतो, शिंकतो, नुसता बोलतो, तेव्हाही सूक्ष्म कण बाहेर पडतात. मोकळ्या जागी ते वाऱ्याने पांगतात. बंद खोलीत मात्र बराच वेळ तरंगत राहतात. जत्रेच्या गर्दीतही संसर्ग होतोच. परंतु दार-खिडक्या लावून एकाच खोलीत रात्रभर झोपणाऱ्या सहा जणांना त्याची भीती अधिक असते.

सारा दोष थंडीचाच असता, तर १९१८ सालचा इन्फ्लुएंझा मुंबईत जून महिन्यात शिरला नसता. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने हाहाकार उडवला, तोही ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात. पावसातही माणसे घरात कोंडली जातात, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

बसवनगुडीचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १८९८ साली बंगळुरात प्लेग पसरला. जुन्या पेठांतील दाटी कमी व्हावी म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वसाहती आखल्या गेल्या. सरळ, रुंद रस्ते आणि घरांभोवती मोकळी जागा हे त्यांचे वैशिष्ट्य. प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. निदान अपुरे होते. उपाय मात्र वाया गेला नाही. हवा आणि उजेड यांसाठी वसवलेल्या या भागात आज जुन्या घरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि मधली मोकळी जागा आक्रसत आहे.

खिडकी उघडावी, हे सांगणे सोपे आहे. बाहेर डास असतात, वाहनांचा धूर असतो. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर जात नाही. त्यात कोणी रस्त्याकडेला पालापाचोळा पेटवला, तर दम्याच्या रुग्णाला खिडकी लावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुपारी काही तास घर उघडे ठेवणे बहुतेकांना शक्य आहे. पण ज्या खोलीला खिडकीच नाही, तेथील भाडेकरूला हा उपदेश निरर्थक ठरतो. तो प्रश्न घर बांधणाऱ्याला आणि बांधकामास परवानगी देणाऱ्या पालिकेला विचारला पाहिजे.

थंडीवर दोष ढकलण्याने आणखी एक घात होतो. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे कर्नाटकात म्हणतात. खोकलाही तिच्याबरोबर जाईल, या आशेवर कित्येक जण महिनोन् महिने काढतात. त्यांपैकी काहींचा खोकला क्षयाचा असतो. या काळात तोच क्षय घरातील मुलाबाळांपर्यंत पोहोचतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्याची थुंकी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासली जाते आणि क्षय आढळल्यास औषधेही तेथेच विनामूल्य मिळतात. त्यासाठी शिवरात्रीची वाट पाहावी लागत नाही.