निहाली : व्युत्पत्तीपलीकडचा प्रश्न

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यातील जामोद, सोनबर्डी अशा मोजक्या गावांत निहाली बोलली जाते. तिच्या भाषकांची संख्या २,००० ते २,५०० असावी, असा अंदाज आहे. ज्ञात अशा कोणत्याही भाषाकुळात तिचा निर्विवाद समावेश करता येत नाही, म्हणून अभ्यासकांना तिचे आकर्षण वाटत आले. मात्र या आकर्षणाची दिशाच आता तपासून पाहिली पाहिजे.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनो यांनी निहालीचे मूळ मुंडा गटातील कोरकूजवळ कल्पिले व तीवर द्राविडी आणि आर्य भाषांचे थर चढल्याचे मानले. १९६२ मध्ये कायपर यांनी तिच्या सुमारे चतुर्थांश शब्दांचा शेजारच्या भाषांशी संबंध लागत नाही, हे दाखविले. ‘जिकी’ (डोळा), ‘जोप्पो’ (पाणी) यांसारखे मूलभूत शब्द तिचे स्वतःचे वाटतात. दोन ते चार या संख्यांची नावे मात्र द्राविडी, तर पाचाचे आर्य. यावरून ती ‘मिश्र’, किंबहुना गुप्त बोली असावी, अशीही चर्चा झाली.

येथे एक गफलत संभवते. उसन्या शब्दांचे प्रमाण हा भाषेच्या दुर्बलतेचा पुरावा नव्हे. फारसी, अरबी आणि कन्नड शब्द सामावूनही मराठी मराठीच राहिली. भाषेचे चैतन्य शब्दांच्या कुळावरून ठरत नाही. कोण, कोणाशी, कोणत्या प्रसंगी ती बोलतो यावरून ठरते. निहाल माणूस कोरकू शेजाऱ्याशी कोरकूत, बाजारात व शाळेत मराठी-हिंदीत बोलतो. निहाली शिकण्याची गरज मात्र इतरांना क्वचितच पडते. ही एकतर्फी बहुभाषिकता हाच खरा धोका होय. घर आणि स्वजन एवढेच क्षेत्र उरले असताना तेथे आईने मुलाशी कोणत्या भाषेत बोलावे, यावर सारे अवलंबून आहे.

इथिओपियातील ओंगोता भाषेचे उदाहरण बोलके आहे. तिचे कुळ कोणते, याविषयी विद्वानांचे एकमत होण्यापूर्वीच तिचे भाषक शेजारच्या त्सामाइ भाषेकडे वळले आणि ती मूठभर वृद्धांपुरती उरली.

शासकीय नोंदींनीही निहालीला झाकोळले आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे कोरकूंच्याच नोंदीत येतात. आणि १९७१ पासून जनगणनेत १०,००० हून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची अपेक्षा व्यक्त करणारे संविधानाचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून अस्तित्वात आहे. पण जी भाषा मोजलीच जात नाही, तिच्यासाठी ते कोण वापरणार?

आशा मुंडले यांचा शब्दसंग्रह (१९९६) आणि शैलेंद्र मोहन यांचे डेक्कन कॉलेजात असतानाचे कार्य यांमुळे वर्णनाचा पाया घातला गेला आहे. विदर्भातील मराठी विभागांनी वऱ्हाडीचा अभ्यास आपुलकीने केला. त्याच वऱ्हाडीच्या शेजारी नांदणारी निहाली मात्र ‘मराठी नव्हे’ म्हणून त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. ही सबब टिकणारी नाही, कारण निहालीभाषक मुलाला शाळेत भेटणारी भाषा मराठीच आहे. या भेटीत काय घडते, घरात कोणती पिढी काय बोलते, याची गाववार नोंद हा पदव्युत्तर प्रबंधिकेचा रास्त विषय ठरावा. आणि त्या नोंदीची एक प्रत त्या गावाच्या शाळेतही पोहोचावी. मुळांचा शोध पुढेही चालू राहील. बोलणारे मात्र थांबणार नाहीत.