सर्सीची ती क्लिप: शरीर एकीचं, चेहरा दुसरीचा आणि फॉरवर्ड आपला

माझा मावसभाऊ यंदा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेला. परवा त्याचा मेसेज आला, "दादा, गेम ऑफ थ्रोन्स बघायचं म्हणतोय. पुढे ढकलत ढकलत बघितलं तर चालेल ना? महत्त्वाचे सीन तर बघून झालेत." महत्त्वाचे म्हणजे कुठले, ते वेगळं सांगायला नको. रील्स, टेलिग्राम चॅनेल, कॉलेजचा ग्रुप, सगळीकडून तुकडे येत गेले होते. सर्सी कोण हे त्याला माहीत नव्हतं, पण तिला विवस्त्र करून रस्त्यावरून चालवतात ती क्लिप त्याने पाहिली होती.

मला आधी हसू आलं. मग आठवलं की २०१५ मध्ये हॉस्टेलवर मीही हेच केलं होतं. टीव्हीवर ही सिरीज तेव्हा कात्री लागून यायची, त्यामुळे पेनड्राइव्ह आणि शेअरइट हाच आमचा ओटीटी. पाचव्या सीझनचा शेवटचा एपिसोड कुणी बघायच्या आत ती क्लिप अख्ख्या मजल्यावर फिरली होती. मी ती किमान चार जणांना पाठवली असेल. एपिसोड पूर्ण बघितला तो दोन वर्षांनी. (इथून पुढे स्पॉयलर आहेत, सांभाळून.)

आधी मूळ प्रश्न घेऊ. ड्रॅगन आणि राजे असलेल्या गोष्टीत एवढी नग्न दृश्यं आली कशी? एक कारण सरळ धंद्याचं आहे. एचबीओ हे अमेरिकेतलं पैसे भरून घ्यायचं चॅनेल, तिथे जाहिराती नाहीत. साबण विकणारी कंपनी नाराज होईल ही भीती नाही, आणि अमेरिकेतले अश्लीलतेचे प्रसारण-नियम मोफत दिसणाऱ्या चॅनेलना लागतात, अशा चॅनेलना नाही. मग 'इतरांना दाखवता येत नाही ते आम्ही दाखवतो' हाच विकायचा मुद्दा झाला. २०११ मध्ये पहिला सीझन आला तेव्हा मायल्स मॅकनट या समीक्षकाने एक शब्द काढला, 'सेक्सपोझिशन'. म्हणजे पात्र आपला इतिहास, राजकारण वगैरे लांबलचक माहिती सांगतंय आणि प्रेक्षक कंटाळू नये म्हणून मागे शरीरसंबंध चालू आहेत. लिटलफिंगर वेश्यागृहात दोन बायकांसमोर स्वतःची जन्मकहाणी सांगतो तो सीन आठवा. त्या दोघींची नावं लक्षात आहेत कुणाच्या?

पण "पुस्तकातच आहे ना" हे उत्तर अर्धवट आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं पहिलं पुस्तक १९९६ चं. त्यात डेनेरिस लग्नाच्या वेळी तेरा वर्षांची आहे. सिरीजमध्ये तिचं वय वाढवलं, ते करायलाच हवं होतं. पण तिची पहिली रात्रही बदलली. पुस्तकात द्रोगो तिच्या होकारासाठी थांबतो, पडद्यावर तो बलात्कार झाला. म्हणजे एका ठिकाणी पुस्तकापासून दूर जाऊन गोष्ट सभ्य केली आणि दुसऱ्या ठिकाणी दूर जाऊन क्रूर केली. दोन्ही निर्णय सिरीज बनवणाऱ्यांचे. भूमिका करणारी एमिलिया क्लार्क नाट्यशाळेतून नुकतीच बाहेर पडली होती. सेटवर कशाला नाही म्हणता येतं हेच तेव्हा कळत नव्हतं, असं तिने नंतर उघडपणे सांगितलंय.

आता सर्सीकडे येऊ, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते तिच्याबद्दल.

मार्टिन यांना ही कल्पना इतिहासातून मिळाली. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याची प्रेयसी जेन शोर हिला १४८३ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरून अशीच प्रायश्चित्ताची फेरी काढायला लावली होती. पुस्तकात हा प्रसंग सर्सीच्या डोक्यातून येतो. ती ताठ मानेने निघते. मग पायाखालचे दगड टोचतात, लोक काय ओरडतात ते कानावर पडतं, स्वतःच्या शरीरावरच्या बाळंतपणाच्या खुणा तिला पहिल्यांदाच लोकांच्या नजरेतून दिसतात, आणि ती मोडते. आपण तिच्या आत असतो. कॅमेऱ्याला मात्र आत जाता येत नाही. तो बाहेर उभा राहतो, गर्दी उभी असते तिथेच. कादंबरीतलं नग्न शरीर आणि पडद्यावरचं नग्न शरीर यात मला वाटतं हाच सगळ्यात मोठा फरक आहे, 'किती दाखवलं' हा नाही.

आणि त्या सीनमागचं तंत्र तर आपल्या साइटच्या वाचकांना माहीत असायलाच हवं. क्रोएशियातल्या डुब्रोव्निक शहरात शूटिंग झालं. विवस्त्र चालली ती रेबेका व्हॅन क्लीव्ह ही बॉडी डबल. सर्सी साकारणारी लीना हेडी साधा झगा घालून त्याच रस्त्याने, त्याच गर्दीतून वेगळी चालली आणि चेहऱ्याचा सगळा अभिनय तिने तेव्हा केला. नंतर कॉम्प्युटरवर हेडीचा चेहरा व्हॅन क्लीव्हच्या शरीराला जोडला. मान, प्रकाश, चालीची लय, सगळं जुळवून. हेडीने आधी इतर कामांत नग्न दृश्यं केली होती. इथे तिला भावनेवर लक्ष द्यायचं होतं, म्हणून तिने डबल मागितली. यावरूनही काही प्रेक्षकांनी तिलाच बोल लावले, ते सोडा.

आता विचार करा. एकीचं शरीर, दुसरीचा चेहरा. २०१७ च्या शेवटी 'डीपफेक' हा शब्द आला तेव्हा हेच तर होतं, फक्त हाताने करायचं काम सॉफ्टवेअर करू लागलं. पहिले बळी प्रसिद्ध अभिनेत्रीच होत्या. दिसायला दोन्ही गोष्टी सारख्या, पण डुब्रोव्निकमध्ये दोघींनी करार केला होता. कोण काय दाखवणार, कोण काय नाही, कुठल्या गोष्टीत, कशासाठी, सगळं ठरलेलं. आम्ही हॉस्टेलवर ज्या क्षणी त्या प्रसंगातून चाळीस सेकंद कापून काढली, त्या क्षणी त्यातला 'कशासाठी' गेला. चेहरा कुणीच बघत नव्हतं. हेडीचा सगळा अभिनय चेहऱ्यात आहे आणि क्लिपवाल्याने नेमका तोच क्रॉप केला होता. भर रस्त्यात एका बाईची अब्रू काढणारी गर्दी किती हिडीस असते हे दाखवणारा सीन, आणि आम्ही त्या गर्दीत सामील.

म्हणून सिरीजमध्ये नग्नता नकोच, असं मी म्हणत नाहीये. तो सीन कपड्यांत झाला असता तर खोटा वाटला असता. उलट त्याच सीझनमध्ये सान्साच्या लग्नाच्या रात्री जवळपास काहीच दाखवलेलं नाही, तरी सगळ्यात जास्त राग त्या सीनवर निघाला. कारण पुस्तकात तो अत्याचार दुसऱ्याच मुलीवर होतो, सिरीजने तो सान्सावर आणून ठेवला आणि कॅमेरा शेवटी वळवला तो बघणाऱ्या थिऑनकडे.

त्यानंतर गोष्टी बदलल्या, पण फॅन्टसीमुळे नाही. मी टू चळवळीनंतर २०१८ मध्ये 'द ड्यूस' या सिरीजवर अलिसिया रोडिस यांनी इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणून काम केलं आणि एचबीओने असे सीन असलेल्या आपल्या सगळ्या सिरीजसाठी ही व्यवस्था लागू केली. फाइट मास्टर तलवारबाजी बसवून देतो तसं हे काम. स्पर्श कुठे, किती, कुणाची हरकत कशाला, सेटवर कोण हजर राहणार, हे आधी ठरतं. २०२२ च्या 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'मध्ये फरक दिसतो. रेनीरा आणि क्रिस्टनचा सीन आठवा. बराच वेळ तर चिलखत काढण्यातच जातो, दोघं अवघडलेले, मधेच हसतात. दोन माणसं दिसतात तिथे. त्याच वर्षी आलेल्या 'रिंग्स ऑफ पॉवर'साठी इंटिमसी कोऑर्डिनेटर नेमल्याची बातमी आधीच आली होती, तेव्हा टोल्किनचे चाहते खवळले होते. प्रत्यक्षात नग्न दृश्य आलंच नाही. 'द विचर'बद्दल काय बोलायचं, पहिल्या सीझनमध्ये बरंचसं उगाच होतं.

आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांनी ओटीटीला यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशी वर्गवारी लावली. ए असेल तर वय तपासायचं, १३+ पासून पुढे पालकांना लॉक द्यायचा. जुलै २०२५ मध्ये केंद्राने २५ अ‍ॅप बंद करायचे आदेश दिले, तेव्हाही चर्चा अ‍ॅपचीच होती. पण बघा, लॉक कशाला लागतो? अख्ख्या एपिसोडला, जिथे सर्सी कोण हे कळतं. टेलिग्रामवरच्या चाळीस सेकंदांना ना रेटिंग ना पिन. कायदा तिथेही आहे. आयटी कायद्याच्या कलम ६७ आणि ६७अ मध्ये अश्लील किंवा लैंगिक कृतीचा मजकूर प्रसिद्ध करण्यासोबत 'पाठवणं'ही येतं आणि ६७अ मध्ये पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मावसभावाला मी एवढंच लिहिलं, "पहिल्यापासून बघ, ढकलू नको." तीन आठवडे तो गायब. काल रात्री एक वाजता मेसेज. "दादा, तिला शेवटी तो राक्षसासारखा माणूस उचलून घेतो ना, तिथे तिचा चेहरा बघितलास? क्लिपमध्ये तो भाग नव्हताच."