तेरणेची हद्द कोणाच्या दप्तरात?

एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यात २०२०च्या ऑक्टोबरात, २०२१च्या सप्टेंबरात आणि पुन्हा २०२५च्या सप्टेंबरात मांजरा व तेरणा पात्र सोडून शेताशिवारांत शिरल्या, याला निसर्गाची लहर म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक या दोन आपत्तींचे नाते आपण समजतो त्याहून पुष्कळ निकटचे आहे. जी नदी वर्षाचे आठ महिने कोरडी पडलेली असते, तिच्या काठची जमीन पाण्याच्या मालकीची आहे हे मानावयास कोणाचेच मन सहजी तयार होत नाही. अवर्षणाच्या सालात पात्र आक्रसते, शेताचा बांध चार हात पुढे सरकतो, वाळूचा उपसा अहोरात्र चालतो, आणि जमीन तालुक्याच्या गावाला लागून असली तर तेथे मुरूम पसरून प्लॉटांचे दगडही रोवले जातात. पुराची खरी पूर्वतयारी आपण अशी दुष्काळात करून ठेवतो!

औसा तालुक्यात तेरणाकाठी पूर ओसरल्यावर जे दिसते त्याचे वर्णन वर्तमानपत्रांतून पुष्कळ वेळा येऊन गेले आहे: पाण्यात राहून जागच्या जागी कोंब फुटलेल्या सोयाबीनच्या शेंगा, बाभळीच्या फांदीत अडकलेली मोटारीच्या स्टार्टरची पेटी, आणि काळी माती खरडून गेल्यामुळे उघडा पडलेला पिवळा मुरूम, ज्यावर पुन्हा पीक उभे करावयाचे तर बाहेरून गाळमाती आणून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. मग तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक येतात, पंचनामा होतो, गटनंबर, क्षेत्र, पीक, नुकसान तेहतीस टक्क्यांहून अधिक आहे की नाही, हे सारे रीतसर टिपले जाते. पाणी नेमके कोठवर चढले होते, हे मोजून ठेवण्याची तजवीज मात्र या खटाटोपात क्वचितच दिसते. विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, मारुतीच्या पारावर गाळाची रेघ महिनाभर स्पष्ट असते; पुढे दसऱ्या-दिवाळीला भिंती रंगतात आणि सरकारने फुकट मिळणारा पुरावा गमावलेला असतो.

कायद्याच्या बाजूने पाहता हा विषय नवा नाही. केंद्राने १९७५ साली पूरक्षेत्रांच्या नियमनाचा नमुना मसुदा सर्व राज्यांकडे धाडला. मणिपूरने १९७८ मध्ये, राजस्थानने १९९० मध्ये व उत्तराखंडने २०१२ मध्ये त्या धर्तीवर कायदे केले. महाराष्ट्राने पाटबंधारे खात्याच्या १९८९च्या परिपत्रकावर भिस्त ठेवली. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध, दोन्ही रेषांमधले नियंत्रित, आणि तेथे बांधावयाचेच असेल तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या किमान ०.४५ मीटर वर ठेवावी, असा हा दंडक आहे. तो चांगला आहे. तथापि या रेषांची चर्चा झाली ती पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीत, म्हणजे जेथे जमिनीला भाव आहे आणि न्यायालयात जाणारे लोक आहेत तेथे. तेरणा आणि तावरजा यांच्यासारख्या नद्या या वादाच्या परिघाबाहेरच राहिल्या.

‘पंचवीस वर्षांचा पूर’ या शब्दप्रयोगाने फसगत होते ती वेगळीच. एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नव्हे. दरसाल चार टक्के संभव, एवढाच आहे. निळ्या रेषेवर बांधलेल्या घराचे कर्ज तीस वर्षांत फिटावयाचे असेल, तर त्या मुदतीत घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास भरते. लाल रेषेवरच्या घराच्या बाबतीतही ती सुमारे सव्वीस टक्के आहे. हा हिशेब प्लॉट विकणारा सांगत नाही, खरेदीखतात तो नसतो, आणि सातबाऱ्यावरही नसतो.

माझे म्हणणे येथेच आहे. पूररेषा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निजून राहिली तर तिचा रयतेला काही उपयोग नाही. ती गावनकाशावर उतरली पाहिजे, आणि बाधित गटाच्या सातबाऱ्यात इतर हक्कांच्या रकान्यात तिची नोंद पडली पाहिजे, म्हणजे बँकेला, वारसाला आणि खरेदीदाराला ती चुकवता येणार नाही. हे काम आवाक्याबाहेरचे आहे असे निदान औशात तरी कोणी म्हणू नये. याच तालुक्यातील किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील बावन्न गावे शासनाने मुळापासून उठवून नव्या जागी वसविली. त्या तुलनेत नदीच्या दोन्ही तीरांवर उंची मोजून रेघ आखणे ही मोजणीदाराची मोहीम आहे. तेरणेवर आज बॅरेजेस उभी आहेत, वर माकणीचे धरण आहे. जुन्या पात्राचे आडाखे या बदललेल्या नदीला लागू पडणार नाहीत, म्हणून मोजणी नव्याने व्हावी.

शेतकऱ्याला भय वाटते की रेघ पडली म्हणजे जमिनीवर आरक्षण पडले. ते सर्वस्वी निराधार नाही, परंतु त्याचे स्थान चुकते. मज्जाव बांधकामाला आहे, नांगराला नाही. ज्वारी-तुरीला, उसाला कोणी हटकीत नाही. ज्याची जमीन औसा-निलंग्यासारख्या वाढत्या गावाच्या वेशीला भिडली आहे, त्याचा मात्र अकृषिक परवानगीचा भाव बुडतो, आणि पुराचे पाणी आपल्या शेतात पसरू देऊन तो खालच्या गावांवरचा भार हलका करीत असताना तोटा त्याने एकट्याने सोसावा हे न्यायाचे नव्हे. त्याच्या मोबदल्याची तरतूद नियमातच असावी. निळ्या रेषेच्या आत आधीच उभ्या राहिलेल्या घरांचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि तेथे बुलडोझरची भाषा करणारे पुराच्या रात्री त्या घरांत नसतात. त्यांना तूर्त पुराची आगाऊ सूचना, जवळच उंचावरची पर्यायी जागा आणि पुरेशी मुदत मिळावी. नवे अर्ज तहसीलच्या टेबलावर रोज येत आहेत, त्यांना मात्र मुदतीची गरज नाही. नकाशा तयार होईपर्यंत नदीकाठच्या गटांना अकृषिक परवाना देणे जिल्हाधिकाऱ्यांनी थांबवावे.