बिरोबा फोनवर शोधताना

तुकोबांची पालखी काटेवाडीत आली की धनगर मंडळी पालखीभोवती मेंढ्या पळवतात. दरवर्षी टीव्हीवर ते दिसतं, व्हिडिओ फिरतात, मग वर्षभर सामसूम. पण या रिवाजामागची श्रद्धा कुठली, बिरोबा या देवाला मानणाऱ्या धनगरांचं पंढरीच्या विठोबाशी नातं काय, हे नीट अभ्यासायचं असेल तर? वालचंदनगरसारख्या गावात बसून ते करायचं म्हणजे ग्रंथालय एकच, हातातला फोन. आमच्या ओळखीतली एक मुलगी, धनगराच्याच घरातली, सध्या एम. ए.च्या प्रकल्पासाठी याच खटपटीत आहे. परवा वैतागून म्हणाली, "काका, माहिती ढीगभर मिळतीय हो. पण सर विचारतात, याला आधार काय?"

सरांचं बरोबर आहे. त्या ढिगात अर्ध्या बातम्या आरक्षणाच्या आणि उरलेल्यात वंशावळींचा गुलाल. कुठल्याही जातीचं संकेतस्थळ उघडा, पूर्वज राजेच निघतात. मेंढरं राखणारा एकही सापडत नाही. हल्ली एआयला विचारायची सोय झालीय. तो तर कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावं लेखकासकट आणि प्रकाशनवर्षासकट ठणकावून सांगतो.

याहून फसवी चीज म्हणजे इंग्रजी अमदानीतली पुस्तकं. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेल्या गॅझेटियरचे पुणे जिल्ह्याचे भाग १८८५चे, एंथोवेनचं मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचं त्रिखंडी पुस्तक १९२०-२२चं. कॉपीराइट कधीच संपलेत, त्यामुळे इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. जुनं इंग्रजी, पिवळी पानं, भारदस्त नाव; पोरांना वाटतं, घबाड लागलं. गॅझेटियरमध्ये एकेका जातीचं राहणं, खाणं, कपडे, लग्न, मर्तिक बारकाईने नोंदलंय, त्याचं मोल आहेच. पण त्याच दमात ही जात कष्टाळू, ती अस्वच्छ, अमकी दारूबाज असे शिक्केही मारलेत. मायकेल केनेडी या पोलिस अधिकाऱ्याचं १९०८चं पुस्तक तर मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वरच आहे. जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारध्यांबद्दल शोधणाऱ्यासमोर पोलिसांचं हे टिपण 'संदर्भग्रंथ' म्हणून आजही येतं. जातींवरच्या लेखांत असली पुस्तकं आधार म्हणून धरू नयेत, असा दंडक इंग्रजी विकिपीडियाच्या जाणत्या संपादकांनी घालून घेतलाय. आपल्याकडचे कित्येक प्रबंध मात्र अजून तिथूनच उतारे उचलतात.

मी तिला म्हटलं, समाजाचं नाव टाकून शोधणं सोड. अभ्यासकाचं नाव टाक.

आणि पहिलं नाव सांगितलं ते गुंथर सोन्थायमर यांचं. हा जर्मन माणूस हायडलबर्ग विद्यापीठातला. मराठी शिकला, धनगरांच्या वाड्यांवर हिंडला, जत्रांना बसला, ओव्या टेप करून घेतल्या. धनगरी ओवी म्हणजे नुसतं गाणं नसतं. थोडं गायचं, मग तेच बोलून उलगडायचं, पुन्हा गायचं; रात्र सरते पण बिरोबाची कथा सरत नाही. सोन्थायमरनी त्या ओव्यांना ग्रंथाच्या बरोबरीचा पुरावा मानलं. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचं त्यांचं पुस्तक १९७६ साली जर्मनमध्ये आलं आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९८९ साली. माणदेशी माळावरची ओवी हायडलबर्ग फिरून इंग्रजीतून धनगराच्या लेकीच्या फोनवर यावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

एक नाव हाती लागलं की माळ सुरू होते. सोन्थायमरांवरून रा. चिं. ढेरे. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) मध्ये ढेऱ्यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. मग स्वतः फेल्डहाउस. त्यांच्या 'कनेक्टेड प्लेसेस'मध्ये शिखर शिंगणापूरच्या कावडी आहेत. मग माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांचा गवळी धनगरांवरचा १९८२चा शोधनिबंध. तो वाचल्यावर तिला कळलं, की घाटातले म्हशी पाळणारे गवळी धनगर वेगळे आणि आपल्याकडचे मेंढरं घेऊन फिरणारे हटकर वेगळे. संकेतस्थळांवर या दोघांची सर्रास खिचडी असते.

यातलं सगळंच विकत घ्यावं लागत नाही. जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातं उघडलं की महिन्याला १०० लेख वाचता येतात. जपानच्या नानझान विद्यापीठाचं 'एशियन एथ्नॉलॉजी' हे नियतकालिक तर पूर्ण खुलं आहे. यूजीसीच्या २००९च्या नियमामुळे भरत गेलेलं शोधगंगा हे प्रबंधांचं भांडार आहे, पण तिथे डोळे उघडे ठेवून शिरावं. मी प्रबंध शेवटून उघडतो. मुलाखती कुणाच्या घेतल्या, कुठल्या गावी, कुठल्या साली, ते आधी बघायचं. संशोधक एकाही वाड्यावर बसलेला नसेल तर त्याचं जाडजूड पहिलं प्रकरण वाचण्यात राम नाही.

या कसाला सोन्यासारखं उतरणारं एक काम मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या. हजाराहून अधिक गावं, लाखावर ओव्या, आणि २०१७पासून 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येतायत, आवाजासकट. इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या बायकाही त्यात आहेत. गाणारीचं नाव, गाव, तालुका, सगळं नोंदलेलं. गॅझेटियरमध्ये माहिती देणाऱ्याला नाव नव्हतं, इथे आहे. यूट्यूबवर धनगरी ओव्यांचे शेकडो व्हिडिओ पडलेत, पण कुणी गायलं, कुठल्या जत्रेत, कोणत्या साली, याचा बहुतेक ठिकाणी पत्ता नसतो. त्यामुळे ऐकायला गोड, आधाराला कच्चे.

तिच्या घरचेच चुलते ओवी म्हणतात, हे तिने शेवटी सहज सांगितलं. त्यांचं रेकॉर्डिंग कर, तारीख-ठिकाण घाल आणि प्रकल्पाला जोड, असं मी सुचवलं. त्यावर तिची शंका : "पण सर म्हणतील, चुलत्याचा संदर्भ चालत नाही." चालवून घ्यायला लाव म्हणालो. सोन्थायमरनी तरी दुसरं काय केलं होतं?