सावकाश होऊ द्या!

पंगत बसते, वाढप पुरे होते आणि यजमान हात जोडून म्हणतात, "मंडळी, सावकाश होऊ द्या!" व्याह्यांना, जावयांना, गुरुजींना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळ्यांना उद्देशून हे म्हटले जाते. पण वाचकहो, घरातल्या सुनेला हे वाक्य कोणी म्हटल्याचे तुम्हाला आठवते का? ती पानावर बसते तेव्हा पंगत उठलेली असते, कोशिंबीर संपलेली असते आणि मागे भांड्यांचा ढीग वाट पाहत असतो.

हे मला सुचले माझ्या वहिनीमुळे. माझे माहेर इंदूरचे. वहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा सडपातळ होती. दोन बाळंतपणे झाली, आईचे आजारपण झाले, वीस वर्षे स्वयंपाकघरात गेली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी तिचे वजन 112 किलोवर पोहोचले. उंची जेमतेम 5 फूट 2 इंच. आठ वर्षांपासून मधुमेह, जिना चढताना गुडघे बोलायचे. पथ्ये झाली, पहाटेचे फिरणे झाले, गरम पाणी-मध-लिंबू झाले. दहा किलो उतरायचे आणि वर्षभरात बारा किलो परत यायचे. शेवटी फेब्रुवारी 2023 मध्ये तिने ऑपरेशन करून घेतले.

या ऑपरेशनविषयी लोकांच्या डोक्यात भलत्याच कल्पना असतात. आमच्या शेजारच्या काकूंना वाटले, पोटावरची चरबी कापून काढली. तसे नसते. वहिनीचे ऑपरेशन 'बायपास' प्रकारातले होते. त्यात जठराच्या वरच्या टोकाची एक छोटी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडे थेट त्या पिशवीला जोडतात. बाकीचे जठर पोटातच राहते, पण अन्न त्याला वळसा घालून जाते. ही पिशवी साधारण 30 मिलिलिटरची, म्हणजे पोह्याचे दोन मोठे चमचे भरतील एवढी. 1966 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी या प्रकारच्या ऑपरेशनची सुरुवात केली. दुसरा प्रकार 'स्लीव्ह'चा. त्यात जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. कोणाला कोणते योग्य, हे डॉक्टर ठरवतात.

पहिले दीड-दोन महिने छान गेले. सुरुवातीला गाळलेले मुगाचे कढण, टोमॅटोचे पातळ सार, पाणीदार ताक. मग प्रोटीनची पावडर घातलेले दूध. त्यानंतर मिक्सरमधून काढलेले वरण, मग कुस्करलेले पनीर, आटवल भात, मऊ उकडलेले अंडे. आई वेळेवर वाटी आणून द्यायची, दादा पाण्याचा हिशेब ठेवायचा. वजन भराभर उतरत होते आणि इन्शुलिनही डॉक्टरांनी बंद केले होते. घरात आनंदीआनंद होता.

एप्रिलमध्ये मुलांच्या शाळेचे नवे वर्ष सुरू झाले आणि वहिनी पुन्हा ओट्यापाशी उभी राहिली. तिथूनच बिघडायला लागले. खाल्लेले छातीत अडायचे, तोंडाला फेसाळ लाळ सुटायची, उलटी व्हायची. आधी दोन दिवसांआड, मग रोज. तिने कोणाला सांगितले नाही. "एवढा खर्च केला, आता रडत कुठे बसू?" असे ती मला नंतर म्हणाली. मेच्या पहिल्या आठवड्यात न्हाणीघरातून बाहेर येताना तिला चक्कर आली. दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावावे लागले, ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने द्यावी लागली. दुर्बिणीतून तपासणी केली. जोडाची जागा अरुंद झाली असेल तर असे होऊ शकते, पण तिथे सगळे ठीक होते.

मग आहारतज्ज्ञ बाई आल्या. वहिनीने काय काय खाते त्याची यादी पाठ म्हणून दाखवली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि विचारले, "जेवता कुठे?"

वहिनीला प्रश्नच कळला नाही. मग हळूहळू उलगडा झाला. एक पोळी तव्यावर, एक पोळपाटावर, आणि मधल्या वेळात उभ्याउभ्याच आदल्या पोळीचा तुकडा भाजीत बुडवून तोंडात. वरून घोटभर पाणी. डबे भरायचे, युनिफॉर्म शोधायचा, अप्पांचा चहा. दादाने घरी आल्यावर मोबाइलवर वेळ लावून पाहिली तर तिचे जेवण चार मिनिटांत संपत होते. ऑपरेशनने जठर बदलले, पण वीस वर्षांची सवय तशीच राहिली होती.

दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर 'सावकाश जेवा, नीट चावा' असे छापलेले होतेच. मला वाटते, हे चार शब्द सगळ्यांत सोपे समजून आपण त्यांच्यावरून नजर फिरवतो. गोळ्यांच्या वेळा मात्र पाठ करतो.

आता हे सावकाश म्हणजे नेमके किती, ते पाहू. घास करंगळीच्या नखाएवढा. वहिनीने त्यासाठी मुलांच्या लहानपणीचा चांदीचा चमचा बाहेर काढला. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, पिठल्यासारखा मऊ झाला की मगच गिळायचा. आमची आजी 'बत्तीस दात, बत्तीस वेळा चावा' म्हणायची, तेव्हा आम्ही हसायचो. गिळल्यावर चमचा खाली ठेवायचा, हातात धरून बसायचे नाही. हातात असला की तो भरतोच! लहानशा वाटीभर जेवणाला वीस ते तीस मिनिटे लागली पाहिजेत. पण तासभर चघळत बसणेही बरोबर नाही, कारण मग दिवसभर काही ना काही तोंडात टाकण्याची सवय लागते. क्रमही ठरलेला. आधी प्रथिने, म्हणजे मूग, पनीर, दही, अंडे, चालत असेल तर मासा. मग भाजी. पोळी किंवा भात शेवटी, जागा उरली तर. मऊ ताजी पोळी आणि कोरडा भात हे दोन्ही चावताना गोळा होतात आणि अडतात. त्यापेक्षा वरणात कुस्करलेली भाकरी वहिनीला सोपी गेली.

पोट भरल्याची खूणही बदलते. पूर्वीसारखा तृप्तीचा ढेकर येत नाही. छातीच्या मधोमध दाब वाटतो, उचकी लागते, कोणाचे नाक गळायला लागते, कोणाला शिंक येते. ही खूण आली की थांबायचे. 'एवढा एकच घास राहिलाय, पानात कशाला टाकू' असे म्हणणाऱ्या बायकांना हे फार जड जाते. वहिनीचा तो एक घासच बाहेर पडायचा. पानात टाकलेल्या अन्नाचे पाप लागते या शिकवणीत आपण सगळ्याच वाढलो. तिने शेवटी उपाय काढला: मुळातच कमी वाढून घ्यायचे, लागले तर पुन्हा घ्यायचे. तशी पुन्हा घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

पाण्याचे प्रकरण वेगळेच. जेवताना पाणी प्यायचे नाही आणि जेवणानंतर अर्धा तासही नाही. आमच्या काकांना हे पटेना. वाग्भटांनी 'अष्टांगहृदया'त जेवणाच्या मध्ये पाणी पिणाऱ्याचे शरीर सम राहते असे सांगितले आहे, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा खरा, पण तो धडधाकट, अख्ख्या जठरासाठी! दोन चमच्यांच्या पिशवीत घास आणि पाणी एकाच वेळी कसे मावणार? एक तर उलटी होते, नाही तर पाण्याबरोबर अन्न भराभर खाली वाहून जाते आणि तासाभरात पुन्हा काही खावेसे वाटते.

पण म्हणून पाणी कमी पिऊन चालत नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर पोटात गेलेच पाहिजे. ऑपरेशननंतर पुन्हा दवाखान्यात यावे लागण्याचे एक मोठे कारण शरीरातले पाणी कमी होणे हेच असते. सुरुवातीला दादाने औषधाबरोबर मिळतो तसा 30 मिलिलिटरचा छोटा पेला घेतला. दर पंधरा मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला 120 मिलिलिटर, चौदा तास जागेपणी धरले तर 1680. हिशेब बसतो, पण तो पेला घोट घोट करत संपवायचा. स्ट्रॉ नको, हवा पोटात जाते. सोड्याची बाटलीबंद पेयेही नकोत.

घाईची आणखी एक शिक्षा असते, तिची ओळख आम्हाला डिसेंबर 2023 मध्ये देवासच्या एका लग्नात झाली. वहिनी तोवर 30 किलोंनी उतरली होती, नवी पैठणी नेसून मिरवत होती. पंगतीत आग्रह सुरू झाला. "किती वाळलीस गं! एक जिलेबी तरी घे." एक झाली, दुसरी झाली, वरून मठ्ठा. पंधरा मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळ आली. वधूपक्षाच्या खोलीत तिला आडवे केले. एक आजीबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली!" दृष्ट नव्हे, याला डॉक्टर 'डम्पिंग' म्हणतात. एरवी जठर आपल्या खालच्या दारातून थोडे थोडे अन्न आतड्यात सोडते. बायपासमध्ये ते दार वाटेत राहतच नाही. गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो, शरीरातले पाणी तिकडे धावते आणि हा गोंधळ होतो. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरून थरथर सुटते, तो याचाच दुसरा प्रकार. त्रास वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

आग्रह करणाऱ्यांचा राग येतो खरा. पण त्यांना तरी काय माहीत? आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात. आता दादा आधीच सांगून टाकतो, "तिला वाढू नका, गप्पा मारायला बसा."

जाता जाता आणखी काही. अशा ऑपरेशननंतर ब-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात, ठरलेल्या वेळी रक्त तपासावे लागते. शाकाहारी मंडळींनी ब-12 ची विशेष काळजी घ्यावी. बायपास झालेल्यांनी अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, जोडापाशी व्रण होऊ शकतो. केस गळू लागले तर घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांना दाखवा. आणि दोन-तीन दिवस सारख्या उलट्या होत असतील तर 'उतरेल आपोआप' म्हणत घरी बसू नका. ब-1 जीवनसत्त्व कमी पडले तर मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते. वहिनी वेळेत पोहोचली, इतकेच.

मेमध्ये ती दवाखान्यातून घरी आली, त्या रात्री आईने पहिल्यांदा विषय काढला. आई जुन्या वळणाची, सुनेने सगळ्यांबरोबर बसून जेवावे हे तिच्या काळात नव्हते. ती म्हणाली, "उद्यापासून आधी हिचं पान मांडायचं. पोळ्या थंड झाल्या तर थंड खाऊ." अप्पांनी मान डोलावली, पण तिसऱ्याच दिवशी गरम पोळी मागितली! वहिनी अर्धा घास तोंडात ठेवून उठली. दादाने तिला खांद्याला धरून खाली बसवले आणि स्वतः तव्यापाशी गेला. ती पोळी भारताच्या नकाशासारखी झाली होती, खाली जम्मू-काश्मीर आणि वर कन्याकुमारी. अप्पांनी निमूटपणे खाल्ली.

एवढे सहज सगळे बदलले असे मी म्हणणार नाही. कामाच्या बाईंची वेळ बदलावी लागली, मुलांना डबे स्वतः भरायला शिकवावे लागले, सकाळचा पोळ्यांचा बेत आठवड्यातून तीन दिवस बंद झाला. त्यावरून कुरबुरी झाल्या. वहिनीलाही नुसते बसून राहण्याचा कंटाळा यायचा. "अगं, वीस मिनिटं एका जागी बसले की मला कोणीतरी हाक मारतंय असंच वाटतं," ती म्हणायची. समोर घड्याळ ठेवले तर ती घड्याळाशीच शर्यत लावायची. म्हणून मग धाकटा शाळेतल्या गोष्टी सांगत तिच्याशेजारी बसू लागला. त्याच्या गोष्टी संपत नाहीत, हा त्याचा जुना दोष इथे कामी आला.

2024 च्या दिवाळीत मी गेले तेव्हा वजन 71 होते. जेवणाचे आता चांगले जमते. पाण्याचे मात्र अजून अधूनमधून चुकते. त्याच वर्षीच्या मेमधली गोष्ट वहिनीने मला हसत हसत सांगितली. भर दुपारी भाजी घेऊन घरी आली, माठाशेजारचा तांब्या उचलला आणि उभ्यानेच घटाघटा लावला. छातीत अशी कळ आली की दोन मिनिटे दाराची चौकट धरून उभी राहिली. त्या दिवसापासून आईने तांब्या उचलून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला आहे आणि माठावर तो 30 मिलिलिटरचा पेला पालथा घातलेला असतो. घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही आता त्यातूनच पाणी प्यावे लागते की काय, असे मी विचारले तर आई म्हणाली, "तुला हवं तर वरचा तांब्या काढ, पण तिच्यासमोर पिऊ नकोस."