उल्हास नदीतील जलपर्णी : रोग नव्हे, लक्षण

पावसाळा संपून नदीचा प्रवाह मंदावला की कल्याण तालुक्यात रायता, मोहने परिसरात उल्हास नदीवर जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. यंत्रे लावून ती काढली जाते आणि पुढच्या हंगामात पुन्हा येते. असे का होते, हे पर्यावरणशास्त्रातील चार संज्ञांवरून समजते.

अतिपोषण : पाण्यात नत्र आणि स्फुरद प्रमाणाबाहेर वाढणे. शेतात पिकाला जे खत, तेच संथ पाण्यात जलपर्णीला. अनुकूल हवामानात तिचे क्षेत्र साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. नदीतील हे 'खत' मुख्यतः बदलापूर, उल्हासनगर, कल्याण पट्ट्यातील सांडपाण्यातून येते. उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दंडाचा आदेश दिला होता. भातखाचरातून वाहून जाणारा युरियाही यात थोडी भर घालतो.

बीओडी : पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. नदीत अंघोळ करण्यायोग्य पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा.

विरघळलेला ऑक्सिजन : मासे यावरच जगतात. वरील निकषानुसार तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा. जलपर्णीच्या थरामुळे प्रकाश आणि हवा अडते. तणनाशक मारून ती नदीतच कुजू दिली, तर ऑक्सिजन आणखी घटतो आणि शोषलेले नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळते. शिवाय हे पिण्याच्या पाण्याचे स्रोत आहेत. त्यामुळे फवारणी हा उपाय नाही.

जैवसंचय : सजीवाच्या शरीरात शिसे, कॅडमियमसारखे जड धातू साठत जाणे. जलपर्णी हे धातू मुळांवाटे शोषून घेते. म्हणूनच 'फुकटचे खत' वापरताना सावधगिरी हवी.

शेतकऱ्यांनी काय करावे?

- कारखान्यांचे सांडपाणी मिळते त्या भागातील जलपर्णीचे कंपोस्ट भाजीपाल्याला, विशेषतः पालेभाज्यांना, घालू नये. इतर ठिकाणच्या कंपोस्टचीही जड धातूंसाठी तपासणी करून घ्यावी.
- जलपर्णी फुलण्यापूर्वी काढावी व काठापासून दूर टाकावी. तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते.
- भाताला युरिया एकदम न देता हप्त्यांत विभागून द्यावा. जोरदार पावसाच्या तोंडावर टाकू नये.
- चारसूत्री पद्धतीत लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सें.मी. खोल युरिया-डीएपी ब्रिकेट खोचतात. कोकणातील पावसात खत वाहून जाण्याचे प्रमाण त्यामुळे घटते. खर्च वाचतो आणि नदीही वाचते.
- नदीच्या पाण्यावर उन्हाळी भाजीपाला घेणाऱ्यांनी हंगामापूर्वी पाण्याची सामू, क्षारता व जड धातूंसाठी तपासणी करावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : ग्रामसभेत किती टन जलपर्णी काढली, एवढेच विचारून थांबू नये. वरच्या बाजूच्या कोणत्या नाल्याचे पाणी प्रक्रियेविना नदीत मिसळते आणि त्याचा बीओडी किती, हेही विचारावे. जलपर्णी काढणे म्हणजे ताप उतरवणे. सांडपाणी थांबल्याशिवाय रोग बरा होणार नाही. शेतकऱ्याने आपल्या खाचरातले नत्र रोखले, तर शहराकडे हिशेब मागताना त्याची बाजू भक्कम राहील.