इतिहासाचे दुसरे पान

दिवाळीच्या फराळाशी कत्तलीची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण कत्तलीची तयारी अशाच स्वस्थ घरांच्या शेजारी होत असते! जुलमी सत्ता आधी तलवार उपसत नाही. आधी कागद काढते. जर्मनीत १९३५ च्या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावले. मृत्यूच्या छावण्या मागाहून आल्या. आपल्या मराठवाड्यातही निजामाच्या ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाने आधी सभांचे तोंड बांधले. पुढे कासीम रझवीच्या रझाकारांना मोकळे रान मिळाले. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये मारले गेले. ते मुसलमान होते, हे विसरू नका.

इथवरचे पान आपण दर १७ सप्टेंबरला अभिमानाने वाचतो. दुसरे पान? पोलीस कारवाईपाठोपाठ मुसलमानांची कत्तल झाली. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद, नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. तेव्हा राज्य निजामाचे नव्हते!

रझाकारांचे पाप गरीब शेजाऱ्याच्या माथी कोणत्या न्यायाने मारले? नावावरून माणूस मारण्याचा धडा रझाकारांचा. त्यांना हरवून आपण तोच गिरवला. ज्या घरात फक्त आपलीच प्रेते मोजतात, तिथे उद्याच्या जुलमी सत्तेला आयते हात मिळतात. मुलांना दोन्ही पाने वाचायला द्या.